बी-१२ कमी निघालं, म्हणजे नैराश्याचं कारण सापडलं का?

महिना-दीड महिना कशातच मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, जेवण समोर आलं तरी खावंसं वाटत नाही, कुणाशी बोलायचं म्हटलं की नकोसं होतं. अशा वेळी डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि रिपोर्टमध्ये बी-१२ कमी येतं. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. "बघ, व्हिटॅमिन कमी होतं म्हणून असं होत होतं. पाच इंजेक्शनं घे, ठणठणीत होशील." हा दिलासा समजण्यासारखा आहे. व्हिटॅमिन कमी असण्यात कुणाला लाज वाटत नाही. मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं म्हटलं की मात्र चार लोक काय म्हणतील हे आजही आधी आठवतं. पण या दिलाशापायी खरे उपचार दोन-तीन महिने लांबतात, आणि नैराश्यात दोन-तीन महिने हा फार मोठा काळ असतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्यातल्या एका अभ्यासात आसपासची खेडी, शहरातल्या झोपडपट्ट्या आणि मध्यमवर्गीय वस्त्या इथल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. ही माणसं आजारी नव्हती, आपापली कामं करत होती. तरी त्यांच्यापैकी ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी निघालं; शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के जणांचं. जिथे धडधाकट माणसांतही तीनपैकी दोघांचं बी-१२ कमी असतं, तिथे नैराश्य असलेल्या माणसाचं कमी निघालं तर त्यात नवल काही नाही. ते आजाराचं कारण असेलही, नसेलही; नुसत्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. शिवाय गाडं उलट्या बाजूनंही चालतं. नैराश्यात माणूस नीट जेवत नाही, दार लावून खोलीत बसून राहतो, उन्हात जात नाही. मग बी-१२, फोलेट (बी गटातलंच आणखी एक व्हिटॅमिन), डी सगळंच हळूहळू घसरतं. म्हणजे कमतरता हा काही वेळा आजाराचा परिणाम असतो.

म्हणून कमतरता सापडली तर ती भरून काढायचीच. तिच्यामुळे मनावर परिणाम होत असेल तर तो कमी होईल, आणि होत नसेल तरी नसांचं म्हणजे मज्जातंतूंचं नुकसान टळेल. फक्त नैराश्याचे उपचार त्यासाठी थांबवून ठेवायचे नाहीत. दोन्ही एकाच वेळी चालू करता येतं.

बी-१२ चा मनाशी संबंध येतो कुठे

शरीरात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ सतत तयार होत असतो. बी-१२ आणि फोलेट मिळून त्याचं मिथिओनिन करतात, आणि मिथिओनिनपासून एस-अ‍ॅडिनोसिल मिथिओनिन बनतं. मेंदूतल्या अनेक रासायनिक क्रियांना लागणारा मिथाइल गट हाच पदार्थ पुरवतो. मनःस्थितीशी निगडित असलेल्या रसायनांची उलाढाल आणि नसांवरच्या मायलिन या आवरणाची देखभाल, या दोन्हींत त्याचा वाटा असतो. बी-१२ कमी पडलं की ही साखळी अडते, होमोसिस्टीन साचतं आणि पुढचा पुरवठा आटतो.

त्यामुळे खऱ्याखुऱ्या, जुन्या कमतरतेत थकवा, चिडचिड, विसराळूपणा, उदासी दिसते. क्वचित भ्रम आणि भासही होतात. पण जोडीला बहुतेक वेळा शरीराच्याही खुणा असतात: तळपायांना मुंग्या किंवा जळजळ, अंधारात चालताना तोल जाणं, लाल गुळगुळीत झालेली जीभ, जिना चढताना लागणारी धाप. उदासीबरोबर यातलं काही असेल तर बी-१२ वरचा संशय बळकट होतो. यातलं काहीच नसेल आणि आकडा जेमतेम कमी असेल, तर इंजेक्शनांनी मन पालटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

रिपोर्ट वाचताना

बहुतेक लॅब बी-१२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात. २०० च्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० हा काठावरचा पट्टा. काही अहवालांत एकक पिकोमोल प्रति लिटर असतं, त्याला १.३५ नं गुणलं की आपला नेहमीचा आकडा मिळतो. पुण्याच्या अभ्यासात १५० पिकोमोलच्या खाली कमतरता धरली होती, म्हणजे आपल्या भाषेत साधारण २०३.

काठावरच्या आकड्यात होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासल्यानं उलगडा होतो. पेशींना बी-१२ खरोखर कमी पडत असेल तर हे दोन्ही वाढलेले असतात. होमोसिस्टीनचा नमुना मात्र घेतल्यावर लगेच थंड ठेवावा लागतो किंवा त्यातला द्रव वेगळा काढावा लागतो. तो तासन् तास टेबलावर पडून राहिला तर रक्तपेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाला हे विचारून घ्यावं. मूत्रपिंडाच्या आजारातही हे दोन्ही आकडे चढतात, हेही ध्यानात ठेवावं.

"हिमोग्लोबिन चांगलं आहे, मग बी-१२ कसं कमी असेल?" हा प्रश्न नेहमी येतो. अ‍ॅनिमिया नसतानाही बी-१२ च्या कमतरतेनं नसांवर आणि मनावर परिणाम होऊ शकतो. आणखी एक फसगत इथल्या बायकांच्या रिपोर्टमध्ये हमखास होते. बी-१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही एकदम कमी असेल तर पेशींचा सरासरी आकार अगदी नॉर्मल दिसतो आणि दोन्ही कमतरता नजरेतून सुटतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त आधी द्यायचं, इंजेक्शन नंतर. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या आठवडाभर खाऊन मग तपासणी केली तर आकडा वर गेलेला असतो आणि मूळ कमतरता किती होती हे कळायला मार्ग उरत नाही. त्याच वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि साखरही बघून घ्यावी. थायरॉइड कमी काम करत असेल तर येणारा मंदपणा हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो, आणि त्याचं औषध वेगळं आहे.

किती, कसं आणि का

प्रौढ माणसाची बी-१२ ची रोजची गरज २ ते २.५ मायक्रोग्रॅम. ते निसर्गतः फक्त प्राणिज पदार्थांत असतं. कपभर म्हणजे २०० मिलिलिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, एका अंड्यात अर्धा. बांगड्यासारख्या माशात मात्र भरपूर असतं. एका जेवणात दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट मिळून जातं. "आम्ही दूध घेतो की" असं म्हणणाऱ्या अनेक घरांत दूध जातं ते चहातून. दिवसाचे तीन चहा धरले तरी ते दूध जेमतेम दीडशे मिलिलिटर भरतं, आणि साय धरावी म्हणून तेच दूध दोन-तीनदा उकळलेलं असतं. उकळण्यातही काही बी-१२ नष्ट होतं. शाकाहारी माणसाला गरज भागवायला दूध, दही, ताक, पनीर मिळून रोज अर्ध्या लिटर दुधाइतकं पोटात जायला हवं. मोड आलेली कडधान्यं, इडली, आंबील हे पदार्थ चांगलेच आहेत, पण बी-१२ साठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे असतं ते मुख्यतः बी-१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी संयुग असतं.

गरज दोन मायक्रोग्रॅमची, मग गोळी १५०० ची का? अन्नातलं बी-१२ आधी पोटातल्या आम्लानं सुटं होतं, मग जठरात तयार होणाऱ्या इन्ट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाला चिकटून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. या वाटेनं एका वेळेला दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातात. उरलेल्या मोठ्या डोसमधलं साधारण एक टक्का मात्र या यंत्रणेशिवाय, नुसतं झिरपून आत शिरतं. १५०० चा एक टक्का म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. म्हणूनच ज्यांच्या जठरात ते प्रथिन बनत नाही त्यांनाही मोठ्या डोसची गोळी बऱ्याचदा लागू पडते.

मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल कायमचं चालू असलेले, साठी ओलांडलेले आणि वजनासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेले, या सगळ्यांचं शोषण कमी असतं. हे लोक मांसाहारी असले तरी बी-१२ कमी निघू शकतं.

मुंग्या, तोल जाणं अशी नसांची लक्षणं असतील किंवा कमतरता तीव्र असेल तर इंजेक्शनानं सुरुवात करतात. १००० मायक्रोग्रॅम आधी रोज किंवा एक दिवसाआड, मग आठवड्याला एक असं महिनाभर, पुढे महिन्याला एक, अशी एक सर्वसाधारण पद्धत आहे. नेमकं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. नसांची लक्षणं नसतील तर रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅमची गोळी बहुतेकांना पुरते. बी-१२ गोळ्यांत दोन रूपांत मिळतं; त्यातलं मिथाइलकोबालामिनच हवं, सायनोकोबालामिन हलकं, अशी जाहिरात चालते. साध्या कमतरतेत दोन्हींनी काम होतं. पाच इंजेक्शनं घेतली आणि विषय संपला असं मात्र होत नाही. जेवण तेच राहिलं किंवा मेटफॉर्मिन चालूच राहिलं तर वर्षा-दोन वर्षांत आकडा पुन्हा खाली येतो.

नैराश्याच्या औषधाला बी-१२ ची जोड दिली तर काय होतं, यावर कराचीत एक अभ्यास झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. बी-१२ काठावर असलेल्या ७३ नैराश्यग्रस्तांपैकी काहींना औषधाबरोबर सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन दिलं. तीन महिन्यांनी त्या गटातल्या सगळ्यांची लक्षणं किमान २० टक्क्यांनी कमी झाली होती. नुसत्या औषधाच्या गटात असे ६९ टक्के होते. निकाल आशादायक आहे. पण कुणाला इंजेक्शन मिळतंय हे रुग्णांना ठाऊक होतं, आणि २० टक्के ही फारच खालची पायरी आहे. औषध लागू पडलं असं म्हणायला सहसा ५० टक्के घट धरतात. या अभ्यासातही इंजेक्शन औषधाच्या जोडीला होतं, औषधाऐवजी नव्हे.

डी व्हिटॅमिनचं काय

डी कमी असलेल्यांत नैराश्य जास्त आढळतं, हे अनेक पाहण्यांत दिसलं. मग डी दिलं तर नैराश्य टळेल का, हे तपासायला अमेरिकेत मोठा प्रयोग झाला. पन्नाशी ओलांडलेल्या १८,३५३ लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २००० युनिट डी-३ किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. २०२० साली निकाल आला: नैराश्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. हा प्रयोग सर्वसाधारण लोकांवर होता, तीव्र कमतरता असलेल्यांवर नव्हे, ही त्याची मर्यादा खरी. पण डी चांगलं असलेल्या माणसानं मन प्रसन्न राहावं म्हणून पाकिटं घेत राहण्याला आधार उरत नाही.

२५-हायड्रॉक्सी डी (रिपोर्टमध्ये डी याच नावानं येतं) २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हाडांसाठी आणि स्नायूंसाठी उपचार घ्यावेतच. अंगदुखी आणि थकवा ओसरला की मनालाही थोडी उभारी येते. आपल्याकडे नेहमीचा डोस ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. डी चरबीत विरघळतं, म्हणून ते दुधातून किंवा जेवणानंतर घ्यावं. काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात डी बनत नाही. ते बनवणारे किरण काच अडवते.

इथे होणारी चूक जिवावर बेतू शकते. चिठ्ठीवरचं "आठवड्यातून एकदा" न वाचता पाकीट रोज घेतलं जातं. आठ आठवड्यांत ४ लाख ८० हजार युनिट जायला हवेत, तिथे दोन महिने रोज घेतल्यास ३६ लाख जातात. जादा डी लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, गुंगी, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणं. मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. मरगळ आणि गोंधळ बघून घरच्यांना वाटतं नैराश्य वाढलं, आणि पाकिटं चालूच राहतात. पाकिटं संपेपर्यंत फ्रिजच्या दारावर तारखा लिहून ठेवाव्यात आणि घेतलं की खूण करावी.

फॉलिक अ‍ॅसिड आणि "सगळं एकात" गोळ्या

फॉलिक अ‍ॅसिड हे फोलेटचं गोळीतलं रूप. मेथी, पालक, मूग, हरभरा, शेंगदाणे खाणाऱ्या घरात फोलेट सहसा पुरेसं असतं. नैराश्याच्या औषधाला ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची जोड देऊन ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१४ च्या प्रयोगात काही फायदा दिसला नाही. युरोपातल्या चार देशांत वजन जास्त असलेल्या आणि उदासीची सौम्य लक्षणं असलेल्या १,०२५ लोकांना वर्षभर ओमेगा-३, सेलेनियम, फॉलिक अ‍ॅसिड आणि डी एकत्र दिलं. त्यानंही नैराश्य रोखलं गेलं नाही. हा निकाल २०१९ चा.

फॉलिक अ‍ॅसिड निरुपद्रवी समजून एकटं घेऊ नये. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक दिलं तर अ‍ॅनिमिया सुधारतो, रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण आत नसांची हानी चालूच राहते. बायपोलर आजारात (मन कधी अतिउत्साही, कधी अगदी खचलेलं) लॅमोट्रिजीन हे औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करूच नये. २०१६ च्या एका ब्रिटिश प्रयोगात फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांमध्ये लॅमोट्रिजीनचा फायदा जवळपास नाहीसा झालेला दिसला. गरोदर किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेल्या बाईचा प्रश्न वेगळा. तिला बाळासाठी फॉलिक लागतंच, म्हणून तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावं लागतं.

"नर्व्ह टॉनिक" म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांमागचा बारीक मजकूर जरूर वाचावा. त्यांत बहुधा बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन असतं. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन वेगळ्या नावांच्या गोळ्या दिल्या तर बी-६ तिन्हींतून जातं. जास्त मात्रेत महिनोन् महिने घेतलं की त्यानंच हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आणि मुंग्या आल्या म्हणून आणखी एक नर्व्ह टॉनिक सुरू होतं. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे बिघडवतं. थायरॉइड कमी असतानाही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवावं आणि लॅबला तसं सांगावं.

सेंट जॉन्स वर्ट हे व्हिटॅमिन नव्हे, वनस्पती आहे; पण ऑनलाइन ते त्याच रांगेत विकलं जातं. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन अशा नैराश्याच्या औषधांबरोबर ते घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायकरीत्या वाढू शकतं: घाम, थरथर, ताप, अस्वस्थता. गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही ते कमी करतं. नैसर्गिक असलं तरी ते औषधच आहे.

औषध चालू असेल तर

नैराश्याची औषधं लगेच काम करत नाहीत. दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागतात. आता कल्पना करा, औषध आणि बी-१२ ची इंजेक्शनं एकाच आठवड्यात सुरू झाली. महिन्यानं झोप लागू लागली, घास गोड लागू लागला. याचं श्रेय घरात जातं इंजेक्शनांना. "कमतरताच होती ती, आता ही मनाची गोळी कशाला?" असं म्हणून गोळी परस्पर बंद होते. एकदम थांबवल्यानं चक्कर येते, डोक्यात शॉक बसल्यासारखं होतं, झोप उडते. आणि काही आठवड्यांनी आजार उलटतो. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने तरी चालू ठेवायचं असतं आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायचं असतं. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून ऐकवावं, कारण गोळी बंद करायचा सल्ला बहुतेकदा प्रेमापोटी त्यांच्याकडूनच येतो.

सुधारणा अंदाजानं मोजू नये. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून उत्तरं द्यायची असतात. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटायला हवं. दर दोन आठवड्यांनी एकाच वहीत तारीख घालून गुण लिहावेत. पाच गुणांची घट म्हणजे खरी सुधारणा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, रिपोर्टची किंवा पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी बोलायचं. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर फोनवर न थांबता जवळच्या रुग्णालयात न्यावं आणि तोवर माणसाला एकटं सोडू नये.

इंजेक्शनं चालू असताना बी-१२ पुन्हा तपासण्यात पैसे घालवू नयेत. तेव्हा आकडा हजाराच्या वर येणारच, आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. त्याऐवजी महिना-दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन बघावं आणि मुंग्या, तोल यांची नोंद ठेवावी. नसांना सावरायला काही महिने लागतात. डी तीन महिन्यांनी एकदा तपासावं. सहा-आठ आठवडे औषध नियमित घेऊनही वहीतले गुण हलले नाहीत, तर पुढची भेट लवकर घ्यावी. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटं, टॉनिकच्या बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात, ऑनलाइन मागवलेल्या आणि शेजारणीनं दिलेल्याही.